लांब बाह्यांचा उन्हाळा

१२ नोव्हेंबर १९९५, रविवार

आजपासून मी क्लबची प्रसिद्धी सचिव. सभेत कोणी पुढे येईना. सगळे गवताकडे बघत बसले. शेवटी बेव्हनं माझ्याकडे पाहिलं आणि मी हात वर केला. बेव्ह आमची अध्यक्ष. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे मागे कोण गप्प बसलंय हे तिला न वळता कळतं. हात वर करताना माझ्या अंगावर चिंधी नव्हती, म्हणून बाही सावरायचा प्रश्नच आला नाही.

बाहीचं पुराण या वहीत एकदाच लिहिते. मला कोड आहे. चौदाव्या वर्षी कोपरांवर सुरू झालं, मग पाठ, पोट, मांड्या. चेहरा आणि पंजे वाचले, म्हणून झाकता आलं. आईनं मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवले आणि सांगितलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मी तीस वर्षं आवळून धरली. पाहायला आलेल्या मुलाला मात्र एकट्याला गाठून खरं सांगितलं. तो मुलगा म्हणजे गुरुनाथ. तो म्हणाला, "बरं." त्याच्या घरच्यांना आम्ही दोघांनीही कळू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बेव्ह माझ्या फार्मसीत सनस्क्रीन घ्यायला आली. माझ्या कफखालचा पांढरा डाग तिला दिसला. "उन्हाळ्यात उकडत नाही का तुला?" एवढंच तिनं विचारलं. एवढं सरळ मला कोणी कधी विचारलं नव्हतं. तिच्या बोलावण्यावरून पुढच्याच रविवारी मी क्लबच्या डोंगरातल्या कुंपणाच्या आत गेले, जिथे कोणीच कपडे घालत नाही. कोणी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण जसं एकाचं पोट बघावं, दुसऱ्याचे गुडघे बघावेत, तसं. मी पाण्यात उतरले आणि खूप रडले.

गुरुनाथ मला गाडीनं सोडतो, आत येत नाही. फाटकाबाहेर थर्मास आणि पेपर घेऊन बसतो. वाऱ्यानं गाडी हलत असते. मी परत आले की ठरलेलं वाक्य, "उघड्यापाशी नागडं गेलं आणि सारी रात्र हिवानं मेलं." आणि चहा ओतून देतो.

आता मुद्दा. इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, आमच्या तळ्यात बेडूकसुद्धा उतरत नाही. म्हणून वेलिंग्टनशेजारच्या आमच्या लोअर हटमधला सार्वजनिक तरणतलाव महिन्यातून एका रविवारी, बंद झाल्यावर, भाड्यानं द्या असा अर्ज क्लबनं काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, केलाय. लगेच पेपरात पत्रं आली, विकृत लोक, घाणेरडे लोक. फेब्रुवारीत सुनावणी आहे. तोवर लोकांना कळलं पाहिजे की आम्ही कोण. अडचण एवढीच की आमच्यातलं कोणी नाव द्यायला तयार नाही. कोणी मास्तर आहे, कोणी बँकेत.

मी देईन म्हणाले.

२६ नोव्हेंबर, रविवार

पेपरची बाई फोटो काढायला आली. पाठमोरा, बाकावर बसलेली मी, समोर टेकड्या. तिनं हळूच विचारलं, "पाठीवर थोडी पावडर लावायची का?" मी म्हणाले, "बाई, पावडर लावायची असती तर ब्लाउजच घातला असता."

पत्रक मराठीतही करायचं माझ्या डोक्यात आहे. आपल्या लोकांनाही कळू दे की. पण शब्द सापडेना. विवस्त्र म्हटलं की द्रौपदी आठवते, नग्न म्हटलं की पोलीस येतील असं वाटतं, नागडं म्हटलं की न्हाणीघरातून पळालेलं पोर. शेवटी लिहिलं, 'कपड्यांविना'. साधं, सरळ.

लेकीला, इशिताला, फोटोचं सांगितलं. वीस वर्षांची आहे, नर्सिंगला आहे. सुट्टीत त्याच तरणतलावावर लाइफगार्ड असते, म्हणजे माझी लढाई तिच्याच कामावर जाऊन धडकणार. ती म्हणाली, "आई, इट्स युअर बॉडी. डू व्हॉट यू लाइक." आणि खोलीत गेली. हल्ली खोलीतच असते. कामावरून आली तर एवढ्या उन्हात अंगात लांब बाह्यांचा पोहायचा टॉप. बाकीची पोरं टीशर्टात हिंडतात. फॅशन असेल.

६ डिसेंबर, बुधवार

आला पेपर. पान तीन, अर्धं पान. माझी पाठ माझ्या अंदाजापेक्षा मोठी आहे. खाली नाव, आशालता कर्णिक, फार्मासिस्ट, लोअर हट. डाग अगदी स्वच्छ दिसतायत, नकाशावर बेटं असावीत तसे.

दुकानात दिवसभर लोक खोकल्याचं औषध घ्यायला आले. डिसेंबरच्या उन्हाळ्यात लोअर हटमध्ये एवढा खोकला मी कधी पाहिला नाही. एक म्हातारा म्हणाला, "गुड ऑन यू, लव्ह." एक बाई प्रिस्क्रिप्शन घेऊन न बोलता दुसऱ्या फार्मसीत गेली.

संध्याकाळी कांचनताईंचा फोन. कांचनताई म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळाचं तिसरं नेत्र. मला वाटलं, नागडेपणावर झाडणार. पण नाही. "आशा, अगं तुला कोड आहे? इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलीस आणि बोलली नाहीस?" मग आवाज उतरवून, "इशिताचं कसं होणार आता? लोकांना वाटणार, आईला आहे म्हणजे..."

मी म्हणाले, "लोकांना वाटू दे. वाटण्यावर अजून टॅक्स नाही." फोन ठेवला. 'हिचं कसं होणार' हे माझ्याबद्दल माझ्या आईनं कितीदा ऐकलं असेल.

पेपर पुन्हा बघायला गेले तर पान तीन कापलेलं. फोटोच्या जागी चौकोनी भोक. कात्री इशिताच्या टेबलावर. रागानं कापला असणार. एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं.

१० डिसेंबर, रविवार

काल मंडळाची दत्तजयंती. मी मुद्दाम गेले. कर नाही त्याला डर कशाला. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, पर्स ठेवायला बरं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवत दिगंबराचा गजर केला. मी सगळ्यांत मोठ्यानं केला. दिशा हेच ज्याचं वस्त्र, त्याच्यापुढे हे लोक डोळे मिटून डोलतात आणि माझ्या पाठीकडे डोळे वटारून बघतात.

प्रसादाच्या रांगेत सुधाकरराव म्हणाले, "वहिनी, जनाची नाही तर मनाची तरी." मी म्हणाले, "भावोजी, मनाची होती म्हणून तीस वर्षं उकडून घेतलं. आता मनाला विचारूनच काढलंय." गुरुनाथनं माझ्या ताटात आणखी एक लाडू ठेवला. तो माझ्या बाजूनं कधी भांडत नाही. लाडू वाढतो.

इशिता आलीच नाही.

२२ डिसेंबर, शुक्रवार

इशितानं लाइफगार्डचं काम सोडलं. ऐन सुट्टीत, जेव्हा सगळ्यांत जास्त तास मिळतात. तेराव्या वर्षापासून त्या पाण्यात वाढलेली पोर. कारण विचारलं तर, "आय जस्ट डोन्ट वॉन्ट टू बी लुक्ट अ‍ॅट." म्हणजे तिथली पोरं माझ्यावरून चिडवत असणार. मी म्हणाले, "माझी लाज वाटते ना तुला? सांग तोंडावर."

तिनं बाह्या पंजांपर्यंत ओढल्या. मग तिनं विचारलं, "तुझं सुरू झालं तेव्हा दुखायचं?"

काय खोचक प्रश्न. मी म्हणाले, "कोड दुखत नाही. माणसं दुखवतात." उत्तर चांगलं सुचलं असं तेव्हा वाटलं. ती वर निघून गेली.

गुरुनाथ म्हणाला, "तिला थोडा वेळ दे." हे त्याचं नेहमीचं. भूल देणारा डॉक्टर, जगातल्या प्रत्येक गोष्टीला थोडा वेळ दिला की झोप लागते असं त्याला वाटतं.

माझी डाग झाकायची जुनी क्रीम ड्रॉवरमध्ये नाही. मीच फेकून दिली असेन. बरंच झालं, आता तिचं काय काम.

मनात येतं, थांबवावं का हे सगळं? पाणी तर सगळीकडे सारखंच ओलं. पोर गमावून तलाव मिळवायचा, हा कुठला शहाणपणा? बेव्हला फोन केला. ती म्हणाली, "थांबायचं असेल तर थांब, कोणी काही म्हणणार नाही. पण लाजेनं थांबू नकोस, दमलीस म्हणून थांब." मी दमलेली नाही, हीच पंचाईत आहे.

२८ जानेवारी १९९६, रविवार

काल माझं हळदीकुंकू. रथसप्तमी परवा झाली, पण इथे शनिवार हाच मुहूर्त. दरवर्षी घर भरतं. काल सातजणी आल्या, त्यातल्या दोघींना पेपरचं माहीतच नव्हतं.

वाण काय लुटावं याचा मी महिनाभर विचार केला होता. सूर्याचा सण, म्हणून सनस्क्रीनची एकेक ट्यूब. या देशात रेडिओवर रोज सांगतात, आज किती मिनिटांत कातडी भाजेल. आणि ट्यूबभोवती गुंडाळलेलं माझं मराठी पत्रक. 'कपड्यांविना : गैरसमज आणि खरी माहिती'. आत लिहिलंय की तिथे कुटुंबं येतात, कोणी कोणाकडे टक लावत नाही, फोटो काढायला बंदी आहे, आणि बसताना खाली स्वतःचा टॉवेल घालावा लागतो.

हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि ओंजळीत वाण ठेवलं. कांचनताईंनी पत्रक उलगडलं. चेहरा असा झाला की तिळगुळात खडा लागला असावा. परत द्यायला हात पुढे केला आणि तिथेच थांबल्या. वाण परत करता येत नाही. सातीजणी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग सातही पत्रकं सात पर्समध्ये गेली. एवढा आनंद मला कॉलेजात पहिली आले तेव्हाही झाला नव्हता.

नंतर कप विसळायला कांचनताई स्वयंपाकघरात आल्या. नळ जरा मोठा सोडला आणि म्हणाल्या, "काय गं, पोटावर ऑपरेशनचे व्रण असले तर तिथे काही म्हणतात का?"

"कोणी काही म्हणत नाही."

"मी येणार नाहीये हं. नुसतं विचारलं."

इशितानं सगळ्यांना पन्हं दिलं, ते मात्र उकाड्यात काळ्या लांब बाह्यांच्या टॉपमध्ये. काल वारासुद्धा नव्हता, आणि वेलिंग्टनच्या आसपास वारा नसतो असा दिवस वर्षात सापडत नाही. घामानं पोरीचे केस कपाळाला चिकटलेले. कांचनताई म्हणाल्या, "बघ, मुलगी किती मर्यादेनं राहते." मला टोमणा होता तो. पोरगी ट्रे तिथेच ठेवून निघून गेली. जाताना वाणाच्या उरलेल्या ट्यूबांतल्या दोन उचलून घेऊन गेली. घे म्हणावं, सनस्क्रीनला तरी माझी लाज वाटत नाही.

काल रात्री नाही, आत्ता दुपारी हे लिहिताना चीड आली आहे. मी हे सगळं करते ते कोणासाठी? तिनं माझ्यासारखं आयुष्यभर आवळून जगू नये म्हणूनच ना? आणि तीच बाह्या ओढून बसते.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

कालचं नीट लिहायला हवं, घाई न करता.

सुनावणीला मी साडी नेसले. अंजिरी रंगाची. ब्लाउजच्या बाह्या परवा स्वतः उसवल्या, दोन्ही. बिनबाह्यांचा ब्लाउज घालून मी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर पडले, तीही थेट काउन्सिलच्या सभागृहात. पांढरे दंड, पांढरी कोपरं, सगळं उजेडात. गुरुनाथनं पाहिलं, गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "बर्न टाइम आठ मिनिटं आहे. लाव." मी लावलं.

हॉल भरलेला. बेव्ह पुढे. मागच्या भिंतीशी कांचनताई. त्या कोणाच्या बाजूनं आल्यात हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. इशिता येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी बघितलंसुद्धा नाही.

माझी पाळी आली. एका काउन्सिलर गृहस्थांनी विचारलं, "मिसेस कर्णिक, सभ्य माणसाला कपडे काढून चारचौघांत का बसावंसं वाटेल, हे आम्हाला समजावून सांगाल?"

मी लिहून नेलेलं बाजूला ठेवलं. म्हणाले, "साहेब, तुम्हाला कपडे सोपे गेले, म्हणून तुम्हाला प्रश्न पडतो. मला चौदाव्या वर्षापासून अंग लपवायला शिकवलं. मी समुद्राच्या गावात वाढले आणि कधी पाण्यात पाय घातला नाही. माझ्या कातडीनं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं, तरी शिक्षा तिलाच. आम्ही तुमच्याकडे कोणाला दाखवायची परवानगी मागत नाही. दार बंद करून, पडदे लावून, पैसे भरून, पोहायची मागतो. जिथे सगळेच उघडे असतात तिथे कोणी बघत नाही. बघतात ते इथे." आणि मी माझा दंड टेबलावर ठेवला. सगळे बघतच होते.

बेव्ह एकटीच टाळी वाजवायला लागली. तिला गप्प बसवलं.

मग तलावाचा मॅनेजर उभा राहिला. बिचारा वाईट नाही. म्हणाला, "माझा प्रश्न साधा आहे. लाइफगार्ड खुर्चीत नसेल तर कायद्यानं पाणी उघडता येत नाही. आणि असल्या वेळेला बसायला माझ्याकडचं कोणीही तयार नाही. मी सगळ्यांना विचारलंय." काउन्सिलर लोकांचे चेहरे एकदम सुटले. नाही म्हणायला इतकं स्वच्छ कारण, कोणाचं मन दुखवायला नको. मला कळलं, संपलं.

"मला नाही विचारलं."

आवाज मागून आला. इशिता. दाराजवळ उभी होती, अंगात तोच काळा टॉप. ती मधल्या वाटेनं पुढे आली. "मी चार वर्षं इथे गार्ड होते. माझं सर्टिफिकेट चालू आहे. मी बसेन."

मॅनेजर म्हणाला, "इशिता, तू तर काम सोडलंस."

"हो. कारण मला युनिफॉर्म घालायचा नव्हता." आणि तिनं तो टॉप डोक्यावरून काढला. आत तिचे लाइफगार्डचे लाल-पिवळे टॉग्ज, पोहायचे कपडे, होते आणि खाली शॉर्ट्स. तिनं हात थोडे पुढे धरले.

दोन्ही कोपरांवर पांढरं. उजव्या दंडावर रुपयाएवढा एक. मनगटाजवळ माझ्या हरवलेल्या क्रीमचा पुसट थर.

मी औषधांच्या दुकानात उभी असते. समोरच्या माणसाच्या कातडीकडे बघून त्याला काय झालंय ते मला सांगता येतं. आणि माझ्या घरात, माझ्या समोर, पूर्ण उन्हाळाभर.

आता जे लिहायचं ते लिहिते, नाहीतर ही वही ठेवण्यात अर्थ नाही. नुकतंच जगाला लाज सोडायला सांगून बसलेली मी, आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. पदर ओढला आणि मी उठले. तिला झाकायला. अगदी माझी आई उठली असती तशी.

इशितानं माझ्याकडे पाहिलं. इंग्रजीत नाही, मराठीत म्हणाली, "आई, नको ना."

मी पदर सोडला. तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझे पांढरे दंड, तिची पांढरी कोपरं. काउन्सिलर गृहस्थ त्यांच्या कागदांकडे बघायला लागले. मागून कांचनताईंचा आवाज आला, इंग्रजीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा, "सो? व्हॉट इज द प्रॉब्लेम नाऊ?"

तीन रविवारांपुरती, प्रयोग म्हणून, परवानगी मिळाली. काचा झाकायचा खर्च आमचा.

गाडीत मी गुरुनाथला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून. मला दाखवायला आली होती. तुला सांगू नको म्हणाली."

"का?"

मागच्या सीटवरून इशिता म्हणाली, "यू वुड हॅव क्राइड. किंवा मला क्लबमध्ये नेलं असतं. आय वॉन्टेड टू बी मॅड फर्स्ट." मग, "फोटो माझ्याकडे आहे. आरशाच्या मागे लावलाय. मी रोज बघायची."

मी रडले. ती म्हणाली, "सी?"

घरी आल्यावर तिच्या कोपरांना मी सनस्क्रीन लावलं. संध्याकाळ झाली होती, ऊन कुठेच नव्हतं. तिनं दुसरं कोपर पुढे केलं.

९ जून, रविवार

आज पहिला रविवार. बाहेर गारठा, दक्षिणेचा वारा, गुरुनाथ गाडीत थर्मास घेऊन. काचांवर काळं प्लास्टिक आम्ही क्लबवाल्यांनी दुपारी लावलं होतं. पाणी कोमट. बेव्हनं पहिली उडी मारली आणि अर्धा तलाव बाहेर आला.

कांचनताई आल्या नाहीत. पण परवा त्यांनी फोन करून विचारलं, पाणी किती खोल असतं.

मी कडेनं घाईघाईत चालले होते तर खुर्चीवरून शिट्टी वाजली. "आई, नो रनिंग!" सगळे हसले. मी मान वर करून पाहिलं. खुर्चीत इशिता, गळ्यात शिट्टी, अंगात लाल-पिवळे टॉग्ज, हात मांडीवर मोकळे. एवढ्या माणसांत कपडे घातलेली ती एकटीच होती, आणि सगळ्यांत उघडी तीच बसली होती. मी हळू चालत गेले आणि पाण्यात उतरले.